कॉलेजात 20 एमबीपीएसची लाईन आणि 400 मुलं, नेट सगळ्यांना कसं पुरवायचं? इन्स्टा-यूट्यूब ब्लॉक करावं का?

ब्लॉक करून काही होत नाही. म्हणजे करायचंच असेल तर करा, पण त्याने नेट फास्ट होईल या आशेवर राहू नका. या विषयावर मी नोकरीत बरंच भांडलोय, त्यामुळे जरा लांबण लागेल.

2006-07 च्या सुमाराला मी मराठवाड्यात एका तालुक्याच्या गावी इंजिनिअरिंग कॉलेजात सिस्टिम अ‍ॅडमिन होतो. लीज्ड लाईन (फक्त आपल्यासाठी राखीव भाड्याची लाईन) 2 एमबीपीएसची, आणि लॅब, लायब्ररी, ऑफिस, स्टाफरूम सगळं धरून दोनशेच्या आसपास मशीन. सकाळी अकराला जे नेट बसायचं ते थेट चारला उठायचं, मधे साधं मेलचं पान उघडेना. प्राचार्यांनी कमिटी नेमली. कमिटीत एक एचओडी (विभागप्रमुख) सर होते, त्यांचं निदान आधीच तयार: पोरं ऑर्कुटवर (तेव्हाचं फेसबुकच म्हणा) पडीक असतात. ऑर्कुट ब्लॉक करा. केलं. पोरं दुसऱ्या दिवशी कुठल्यातरी प्रॉक्सी साईटवरून (बंद साईट आपल्यामार्फत उघडून देणारी साईट) आत, नेट होतं तसंच. मग याहू मेसेंजर बंद करा. तेही केलं, तरी तेच. मग सर म्हणाले लॅब तीनलाच बंद करत जाऊ, आणि तिथे माझं डोकं सटकलं कारण तोवर एकानेही लाईनीवरून नक्की काय जातंय हे बघायचं नाव काढलं नव्हतं.

कॉलेजचं नेट स्क्विड नावाच्या सर्व्हरमधून जायचं, त्याचे लॉग, म्हणजे कोणी काय उघडलं त्याच्या नोंदी, आमच्याकडे होतेच. सार्ग या लॉग वाचणाऱ्या प्रोग्रॅमने रिपोर्ट काढला तर ऑर्कुट कुठेतरी खाली, त्याची पानं असून असून किती केबीची असणार. सगळ्यात वर अँटिव्हायरसचे आणि विंडोज अपडेटचे सर्व्हर. आता असं का, तर पोरांनी मशीन बिघडवू नये म्हणून लॅबमधे रीबूट केलं की सगळं मूळ स्थितीत आणणारं सॉफ्टवेअर टाकलेलं होतं. कल्पना चांगलीच आहे, मीही आजही तेच टाकीन. पण काल उतरवलेलं अपडेट रात्री मशीन बंद केलं की पुसलं जायचं, आणि सकाळी लॅब सुरू झाली की प्रत्येक मशीन तेच अपडेट पुन्हा पहिल्यापासून ओढायला लागायचं. हिशोब करा, एका मशीनने 20 एमबी ओढले तरी दोनशे मशीनचे 4 जीबी. 2 एमबीपीएसची लाईन पूर्ण भरून चालली तरी तासाला 900 एमबीच देते. म्हणजे साडेचार तास. अकरा ते चार कशाला नेट बसायचं ते कळलं ना.

उपाय फुकटचा होता. एका रविवारी लॅब असिस्टंटला घेऊन बसलो, सगळी मशीन अपडेट करून पुन्हा लॉक केली, आणि अँटिव्हायरसचं अपडेट एकाच सर्व्हरवर उतरवून बाकीच्यांना लॅनवरून (कॉलेजच्या आतल्या नेटवर्कवरून) द्यायची सोय केली. त्या आठवड्यात दुपारीही नेट पळायला लागलं. रिपोर्ट घेऊन कमिटीपुढे गेलो तर सर म्हणाले, "म्हणजे पोरं ऑर्कुटवर बसत नव्हती असं म्हणायचंय का तुम्हाला?" आणि मिनिट्समधे काय लिहिलं गेलं, तर सोशल साईट्स बंद केल्यामुळे नेटचा वेग सुधारला! त्याच रिपोर्टात रात्रीच्या डाऊनलोडमधे एका केबिनचा आयपी फार वर होता, कुणाची केबिन ते इथे लिहीत नाही.

असो, तुमचं. आधी मोजा. आता सगळं एचटीटीपीएस, म्हणजे मधल्या सर्व्हरला वाचता न येणारं, झाल्यामुळे स्क्विडच्या कॅशचा (एकदा उतरवलेलं साठवून पुन्हा द्यायची सोय) फारसा उपयोग नाही, त्या नादी लागू नका. मायक्रोटिक कंपनीचा राउटर असेल तर त्यातलं टॉर्च हे टूल लावून बघा, नाहीतर एखाद्या जुन्या मशीनवर एनटॉपएनजी हा ट्रॅफिक दाखवणारा प्रोग्रॅम चालवा. कोण किती खातंय ते तासाभरात दिसतं. मग राउटरवर प्रत्येकाला सारखा वाटा लावा, त्यासाठी मायक्रोटिकमधे पीसीक्यू नावाची सोय असते, लिनक्सवाला राउटर असेल तर केक नावाची. लिमिट 20 ची लाईन असली तरी 18 वर ठेवा, म्हणजे पॅकेटांची रांग तुमच्या राउटरमधे लागेल, तिकडे मोडेममधे नाही, आणि रांग तुमच्याकडे असेल तरच तुम्हाला ती आवरता येते. हे लावलं की एकजण यूट्यूब बघत असला तरी बाकीच्यांचं काही अडत नाही, मग ब्लॉक कशाला? ब्लॉक केलंत तर पोरं व्हीपीएन (सगळं ट्रॅफिक झाकून नेणारं अ‍ॅप) टाकतील आणि तुमच्या ग्राफमधे काय चाललंय ते दिसायचंही बंद होईल.

अपलोडकडे कुणी बघत नाही. मोबाईल वायफायला आला की फोटोंचा बॅकअप सुरू, अपलोड भरलं की डाऊनलोडही रेंगाळतं, कारण पोचल्याची पावती वेळेवर जात नाही. तिथेही वाटा लावा. विंडोजची डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन, म्हणजे एका मशीनने उतरवलेलं अपडेट दुसऱ्याला द्यायची सोय, लॅनपुरती चालू करा. लायब्ररीत एन-लिस्ट (कॉलेजांसाठीची ऑनलाईन जर्नल-पुस्तकांची योजना) असेल तर मुलांना लॉगिन काढून द्या, घरून शोधनिबंध उतरवतील, तेवढाच लाईनीवरचा भार कमी.

हां, हे आधी सांगायला हवं होतं, लाईन लीज्ड आहे की साधं ब्रॉडबँड ते बघा. ब्रॉडबँड असेल तर 20 हा आकडा कागदावरचा, पलीकडे ती किती जणांत वाटलीय ते तुमच्या हातात नाही. आणि राउटरला थेट केबल लावून एकदा टेस्ट करा, कित्येकदा लाईन रिकामी असते आणि एकाच अ‍ॅक्सेस पॉईंटवर (वायफाय देणाऱ्या डबीवर) साठ पोरं लटकलेली असतात. ऑनलाईन परीक्षा घेत असाल तर त्या लॅबला वेगळं कनेक्शनच घ्या, तिथे वाटे-बिटे चालत नाहीत.

कमिटी बसलीच तर तोंडी काही सांगू नका, ग्राफ छापून मिनिट्सना जोडा आणि सगळ्यांच्या सह्या घ्या. सर केव्हाच रिटायर झालेत, पण माझी ती सार्गची प्रिंट अजून फाईलला आहे, कुणाला बघायची असेल तर कमेंटमधे सांगा.