वाचकांचे प्रश्न : गाळून खाणारी समुद्रकाकडी

प्रश्न : सहा महिन्यांपूर्वी २०० लिटरच्या रीफ (प्रवाळांच्या) टाकीत पिवळी समुद्रकाकडी सोडली. तेव्हा ती ७ सेंमी होती, आता जेमतेम ४ भरते. क्षारता ३५ पीपीटी, तापमान २५ अंश, नायट्रेट ५ पीपीएम. पिसारा रोज उघडा असतो. मग आक्रसतेय कशामुळे?

उत्तर : उपासमारीमुळे. समुद्रकाकडी हा काकडीच्या आकाराचा समुद्री प्राणी, आणि पाण्यातले कण गाळून खाणाऱ्या त्याच्या जाती टाकीत बहुतेक वेळा अशाच जातात. अन्न मिळालं नाही की स्वतःचंच शरीर जाळत राहतात. हे इतकं सावकाश चालतं की पिसारा उघडा दिसतोय तोवर कुणाला शंकाही येत नाही.

पिसारा उघडा असणं म्हणजे पोट भरणं नव्हे. दहा मिनिटं नीट बघा. तोंडाभोवती दहा शुंडकं असतात, तोच हा पिसारा; त्यांतली पोटाकडची दोन आखूड. अन्न सापडत असेल तर एकेक शुंडकं वाकून तोंडात जातं आणि लहान मूल बोट चाटतं तसं पुसून बाहेर येतं, मग दुसऱ्याची पाळी. सगळी शुंडकं नुसतीच पसरलेली आणि तोंडाकडे एकही वळत नसेल, तर पाण्यात पकडण्याजोगं काही नाही.

माशांचं खाणं किंवा कोळंबीचे तुकडे हिच्या कामाचे नाहीत. हवेत पाण्यात तरंगणारे बारीक कण, मुख्यतः फायटोप्लँक्टन, म्हणजे तरंगतं सूक्ष्म शैवाल. त्यातल्या नुसत्या नॅनोक्लोरोप्सिस या जातीवर भिस्त ठेवू नका. त्याची पेशी २-३ मायक्रॉनची, फार बारीक. टेट्रासेल्मिस आणि थॅलॅसिओसिरा या मोठ्या पेशींच्या जाती सोबत हव्यातच. तुमच्या टाकीला दाट हिरव्या जिवंत कल्चरच्या (वाढवलेल्या शैवालाच्या पाण्याच्या) रोज ४०-५० मिलीपासून सुरुवात करा. हे एकदम ओतायचं नाही. डोसिंग पंप असेल तर सहा भागांत, नसेल तर निदान सकाळ-संध्याकाळ, आणि तेही काकडीच्या दिशेने जाणाऱ्या प्रवाहात. अधूनमधून ड्रॉपरने खडकांवर पाणी मारून साचलेला गाळ उडवा, त्यातलंही बरंच तिला चालतं.

डोस दिल्यावर स्किमर (फेस करून घाण काढणारं यंत्र), यूव्ही दिवा आणि फिल्टरचा कापडी मोजा तास-दीड तास बंद किंवा बाहेर ठेवा, नाहीतर दिलेलं सगळं तेच गाळून टाकतील. स्किमर टायमरवर टाका, म्हणजे पुन्हा सुरू करायचं राहून जात नाही. हे दिवे चालू असतानाच करा. रात्री शेवाळ आणि कोरल दोन्ही प्राणवायू वापरतात. त्यात स्किमरही बंद असला तर मासे वर येऊन धापा टाकू लागतात.

नायट्रेट वाढेल. ते १०-१५ पीपीएमच्या आत ठेवायला रेफ्युजियममध्ये (टाकीला जोडलेल्या वेगळ्या कप्प्यात) किटोमॉर्फा हे दोऱ्यांसारखं शेवाळ लावा आणि आठवड्याला १०-१५ टक्के पाणी बदला. पाणी आरशासारखंच हवं असेल तर हा प्राणी तुमच्यासाठी नाही, हे आम्ही स्पष्टच सांगू.

ही काकडी ताणली-आकसली की लांबी फसवते. म्हणून ती विसावलेली असताना, महिन्यातून एकदा, ठरावीक वेळी काचेबाहेर पट्टी धरून फोटो काढा. दोन महिने आकार टिकला तर खुराक पुरतोय. मूळ आकाराच्या निम्म्याखाली गेलेली काकडी सावरणं अवघड. तुमची त्या सीमेवर आहे, तेव्हा आजच सुरुवात करा.

प्रश्न : सी ॲपल मेलं तर सगळे मासे मरतात असं ऐकलं. खरं की अफवा? टाकी १२० लिटरची आहे.

उत्तर : खरं आहे, आणि १२० लिटरमध्ये सी ॲपल ठेवूच नका. सी ॲपल हीही गाळून खाणारी समुद्रकाकडीच. त्याच्या शरीरात होलोथुरिन नावाची सॅपोनिन गटातली विषं असतात. ती माशांच्या कल्ल्यांवर आणि रक्तातल्या लाल पेशींवर घाव घालतात. पाणी जितकं कमी तितकं विष दाट. सी ॲपलची अंडीही विषारी असतात, ती खाऊन मासे दगावतात. छोटी पिवळी काकडी मोठ्या टाकीत मेली तर सहसा एवढं रामायण घडत नाही, पण सावधगिरी तीच.

विष पाण्यात उतरण्याची कारणं मोजकीच: पंपात सापडून चिरडणं, माशांनी कुरतडणं, किंवा मेलेली काकडी खडकामागे सडत राहणं. पैकी पंपाची वाट बंद करणं तुमच्या हातात आहे. प्रत्येक पॉवरहेडच्या (टाकीतल्या प्रवाहाच्या पंपाच्या) तोंडावर जाडसर भोकांचा फोम, ओव्हरफ्लोच्या (पाणी बाहेर जाण्याच्या वाटेच्या) दात्यांवर जाळी, हीटरला गार्ड. फोम दर आठवड्याला धुवा. तो तुंबला की पंप तापतो, प्रवाह मंदावतो आणि काकडी जागा सोडून भटकायला लागते. बटरफ्लायफिश, मोठे एंजलफिश, ट्रिगरफिश आणि पफर हिच्यासोबत नकोत. शुंडकांना चोच मारायची त्यांना सवयच असते. तांब्याचं औषध टाकीत कधीच घालू नका.

मासे अचानक वर येऊन धापा टाकू लागले आणि स्किमर फेसाने ओसंडू लागला, तर आधी काकडी शोधा. भांडं पाण्यात बुडवून, न दाबता, तिला त्यात घेऊन बाहेर काढा. मासे वेगळ्या ताज्या खाऱ्या पाण्यात हलवा. मग निम्मं पाणी बदला, तापमान आणि क्षारता जुळवूनच. दर १०० लिटरला १०० ग्रॅम तरी ॲक्टिव्हेटेड कार्बन वाहत्या पाण्यात ठेवा आणि २४ तासांनी तो बदला. दुसऱ्या दिवशी पुन्हा ३० टक्के पाणी. अशा वेळी मीठ विरघळवत बसायला वेळ नसतो. टाकीच्या निम्मं पाणी कायम तयार हवं. कार्बनचंही तेच.

आणखी एक. घाबरली की पांढरे चिकट धागे सोडते ही गोष्ट वाळू खाणाऱ्या काही जातींची. पिसाऱ्याच्या जाती आतडी टाकतात ती पुढून, तोंडाच्या बाजूने. अशी काकडी मेली असं धरू नका. वेगळ्या डब्यात हवा देऊन ठेवा. आतले अवयव पुन्हा वाढू शकतात.

प्रश्न : दर्शनी भागात ठेवली तरी सकाळी पंपाशेजारच्या काचेवर चढलेली असते. गोंदाने खडकावर बसवू का?

उत्तर : अजिबात नको. तिला प्रवाह हवा असतो आणि जागा तीच निवडते. शोभेची जागा तुमच्या मनात असेल तर काकडी हलवू नका, प्रवाह तिकडे वळवा. काचेवरून ओढून काढलंत तर नळीपाय तुटतात. प्लॅस्टिकचं कार्ड हळूच खाली सरकवा. अंग फुगवून पाण्यात तरंगत सुटली तर प्रवाह फारच कमी आहे असं समजा.

प्रश्न : मधोमध कंबर बारीक होऊन दोन्ही टोकं फुगली आहेत. रोग आहे का?

उत्तर : बहुधा नाही. पिवळी काकडी आडवी दुभंगून दोन होते. मधे पडून तोडू नका. मागच्या तुकड्याला तोंड यायला काही आठवडे लागतात, तोवर तो निपचित दिसेल. त्वचेवर पांढरे बुळबुळीत चट्टे किंवा दुर्गंधी असेल तर मात्र लगेच बाहेर काढा.

प्रश्न : ती वाळू साफ करेल ना?

उत्तर : नाही. ते काम वाळू गिळणाऱ्या जातींचं. आणि कोणतीही समुद्रकाकडी घेण्याआधी कायदा तपासा. काही देशांत त्या संरक्षित आहेत आणि बाळगणं गुन्हा आहे.

प्रश्न : फायटोप्लँक्टन घरी वाढवतो, पण आठवड्यात हिरवं पाणी पिवळं पडून निवळतं.

उत्तर : कल्चरमध्ये रोटिफर किंवा सिलिएट हे सूक्ष्म जीव शिरले असावेत, शैवाल त्यांनी फस्त केलं. टाकीची नळी, फनेल, हात यांतून हे येतात. कल्चरची भांडी वेगळी ठेवा, टाकीची कामं नंतर करा आणि हवेच्या नळीला बारीक फिल्टर लावा. बिघडलेलं कल्चर फेकून, बाटली क्लोरिनने धुऊन, नवीन स्टार्टरने (विरजणासारख्या ताज्या कल्चरने) सुरुवात करा.

२ लिटरच्या पारदर्शक बाटलीत १.०२० घनतेचं खारं पाणी, एक चतुर्थांश स्टार्टर आणि लेबलवर दिलेल्या मापाने एफ/२ हे शैवालाचं खत. एअरस्टोन न लावता कडक नळी तळापर्यंत सोडा, मोठे बुडबुडे आले पाहिजेत. पांढरा एलईडी १६ तास, बाटलीपासून १५ सेंमीवर. थॅलॅसिओसिराला सिलिकेटही लागतं, ते विसरू नका. ७ ते १० दिवसांत रंग गडद झाला की निम्मं काढा आणि तेवढंच खतपाणी भरा. फिकं असताना काढलंत तर न वापरलेलं खत टाकीत जातं आणि तिथे नको ते शेवाळ माजतं. काढलेलं कल्चर फ्रीजमध्ये ४ अंशांना ठेवा, गोठवू नका, रोज एकदा बाटली हलवा आणि दोन-तीन आठवड्यांत संपवा. आंबूस किंवा कुजका वास आला तर ते टाकीत न घालता मोरीत ओता.