'फॅन्टॅस्टिक फोर' (2015) हा सुपरहिरोंचा पिक्चर एवढा वाईट का निघाला? बघावा का?

कास्टिंगमुळे पडला हे आधी डोक्यातून काढून टाका. कॉमिकमधल्या गोऱ्या जॉनीच्या भूमिकेत कृष्णवर्णीय मायकल बी. जॉर्डनला घेतला म्हणून पिक्चर बुडाला, हे माझा मावसभाऊ अजून प्रत्येक लग्नकार्यात ऐकवतो, आणि मी एडिटिंगमधली असल्याने माझं डोकं फिरतं, कारण पिक्चर कुठे मोडलाय ते पडद्यावर ढळढळीत दिसतं.

पहिला अर्धा भाग चांगला आहे. पोरं दारू पिऊन मशीनने पलीकडच्या जगात जातात, अपघात होतो, त्यांच्यातला हिरो रीड शुद्धीवर येतो तर हातपाय लांबच लांब ताणून बांधलेले, आणि त्याचा मित्र बेन दगडाच्या ढिगातून त्याला हाका मारतोय. शक्ती मिळणं म्हणजे शरीराचे हाल, हे दाखवायला हिंमत लागते. मग 'एक वर्षानंतर' अशी पाटी येते आणि बघण्यासारखं जे होतं तेच गायब. खलनायक डॉक्टर डूम येतो काय, लोकांची डोकी फोडतो काय, संपतो काय!

स्टुडिओने बराच भाग परत शूट करून घेतला. चौघांतली मुलगी सू कुठल्या सीनमधे विग घालून आहे ते कुणीही ओळखेल.

मी असिस्टंट असताना एका मराठी पिक्चरचं असंच पॅचवर्क आमच्याकडे आलं होतं. निर्मात्यांना शेवट गोड हवा होता, हिरोईनने तोवर केस कापलेले, मग विग आणला, तो कपाळावर इतका खाली की क्लोजअप वापरताच येईना, शेवटी पाठमोरे शॉट लावून त्यावर डबिंगचे संवाद बसवले. दिग्दर्शकाला कुणी विचारलंसुद्धा नाही. परीक्षणात काय आलं, तर दिग्दर्शकाची पकड सुटली. अरे, पकड कुणी सोडवली ते विचारा ना! आणि आमचे बंधुराज तेच मला मोठ्याने वाचून दाखवत होते.

'फॅन्टॅस्टिक फोर'चा दिग्दर्शक जॉश ट्रँकने रिलीजच्या आदल्या दिवशी ट्वीट केलं होतं की वर्षभरापूर्वी माझ्याकडे याचं फार छान व्हर्जन होतं, मग ते डिलीट केलं. 'क्रॉनिकल' (2012) बनवणारा माणूस आहे तो, माझा त्याच्यावर विश्वास आहे. अर्थात तोही काही फार सांभाळून घेणारा नसावा, सेटवरच्या भांडणांच्या बातम्या तेव्हा भरपूर आल्या होत्या.

बघायचाच तर त्या पाटीपर्यंत बघा. आणि कास्टिंग कास्टिंग करणाऱ्यांना विचारा, याच जॉर्डनने त्याच वर्षी 'क्रीड' केला, 2018 ला 'ब्लॅक पँथर'मधे खलनायक किलमाँगर केला, तिथे कसा काय चालला?