वाजिब-उल-अर्ज म्हणजे काय? ते सातबाऱ्यावर का दिसत नाही?

वाजिब-उल-अर्ज म्हणजे गावाच्या वहिवाटींची सरकारी नोंद. शब्द अरबी-फारसीतला, अर्थ साधारण ‘सांगायलाच हवं ते’. भंडारा-चंद्रपूरकडे ही नोंद मध्य प्रांताच्या मालगुजारी काळापासून (मालगुजार गावाचा सारा गोळा करून सरकारला भरायचा, तेव्हापासून) आहे. 1951 मध्ये मालगुजारी गेली, पण ही नोंद टिकली. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 165 मध्ये तिला आजही जागा आहे. दुसऱ्याच्या शेतातून जायची वाट, खासगी तलाव-बोडीचं (बोडी म्हणजे छोटं तळं) पाणी, मासेमारी यांचे रूढ हक्क त्यात लिहिलेले असतात. सातबारा एका शेताचा, हे अख्ख्या गावाचं, म्हणून तिथे सापडणार नाही. (चराई-सरपणासाठी निस्तार पत्रक वेगळं.) तहसीलच्या अभिलेख कक्षात नकलेसाठी अर्ज करा. धुऱ्यावरचं (शेताच्या बांधावरचं) भांडण कोर्टात जाण्याआधी ती नक्कल हातात हवीच.