‘अलाके’चा ‘इलाखा’शी काहीही संबंध नाही

प्रश्न असा आला आहे: “नायजेरियाच्या इतिहासावरील एका लेखात एग्बा लोकांच्या राजाला ‘अलाके’ म्हटले आहे. हा शब्द अरबी असून त्यातील ‘अल’ हे अरबीतले उपपद आहे आणि आपला ‘इलाखा’ही त्याचाच भाऊबंद आहे, असे एका जाणकारांनी सांगितले. हे खरे आहे का? आणि मराठीत ‘राजा अलाके’ लिहावे की ‘अलाके राजा’?”

खरे नाही. ‘इलाखा’ अरबीतून फारसीमार्गे आपल्याकडे आला, एवढे त्या जाणकारांचे बरोबर आहे. पण दोन शब्द कानाला सारखे लागले की त्यांची सोयरीक जुळवून टाकायची, ही सवय आपल्याकडे फार बोकाळली आहे आणि तिला व्युत्पत्ती म्हणता येत नाही. ‘अलाके’ हा एग्बा लोकांच्या भाषेतला, म्हणजे नखशिखांत योरुबा शब्द आहे आणि त्याची घडण अरबी कुळीपेक्षा कितीतरी देखणी आहे.

योरुबात ‘ओनी’ म्हणजे एखादी वस्तू ज्याच्याकडे आहे तो. आपला ‘वाला’ त्याच्या बराच जवळ जातो, फक्त योरुबात तो नामाच्या आधी लागतो. पुढचा शब्द ‘इ’ने सुरू होत असेल तर ‘न’ जागचा हलत नाही, म्हणून ‘इले’ म्हणजे घर, त्यावरून ‘ओनिले’ म्हणजे घरमालक. पुढे दुसरा कोणताही स्वर आला, तर ‘न’चा ‘ल’ होतो आणि ‘ओनी’चे स्वर आपला रंग सोडून पुढच्या स्वराचा रंग घेतात. ‘एपो’ म्हणजे तेल, तेलवाली ‘एलेपो’. ‘अता’ म्हणजे मिरची, मिरचीवाली ‘अलाता’. याच नियमाने ‘अके’ नावाच्या नगराचा धनी ‘अलाके’, ओवूचा ‘ओलोवू’, एको म्हणजे लागोसचा ‘एलेको’, आणि ‘आफिन’ म्हणजे राजवाडा, त्याचा धनी ओयो या योरुबा राज्याचा ‘अलाफिन’. बाजारात मिरच्यांचे वाटे मांडून बसलेली बाई आणि सिंहासनावरचा राजा यांना भाषा एकाच साच्यातून काढते, हे मला कमालीचे सुंदर वाटते.

पुरावा सुरांत आहे. योरुबा ही सुरांची भाषा आहे; ‘ओनी’तील दुसरे अक्षर उंच सुरात उच्चारतात आणि ‘अलाके’तील ‘ला’ नेमका त्याच उंच सुरात येतो. स्वराने रंग बदलला, पण सूर सोडला नाही. हे ज्याने एकदा कानाने ऐकले, त्याला ‘अल’ वेगळा तोडून अरबीच्या पदरात घालण्याचा मोह होणार नाही.

‘अलाके’चे भाषांतर कोणी ‘अकेकर’ असे केलेलेही मी वाचले आहे. तेही चूक. अकेचा रहिवासी तो ‘अरा अके’. अलाके म्हणजे अके ज्याचे आहे तो. या भेदात एग्बांची सारी राज्यव्यवस्था सामावलेली आहे, असे माझे ठाम मत आहे. नगर आधी, राजा नंतर. एग्बांची मूळ वस्ती अरण्यातल्या अनेक लहान नगरांची होती. 1820 च्या दशकातील युद्धांत ती नगरे उद्ध्वस्त झाली आणि 1830 मध्ये सोडेके या सेनानीच्या नेतृत्वाखाली निर्वासित ओलुमो खडकाच्या आश्रयाला आले. ‘अबे’ म्हणजे खाली आणि ‘ओकुता’ म्हणजे दगड, म्हणून नव्या वस्तीचे नाव अबेओकुता. तिथे आलेल्यांनी आपापल्या गावांची नावे टाकली नाहीत. प्रत्येक गावाने आपला भाग वसवला, त्याला जुनेच नाव दिले आणि आपले मानकरीही तसेच ठेवले: नागरी कारभार व न्याय पाहणारे ‘ओग्बोनी’ वडीलधारे, युद्धाचे ‘ओलोगुन’, व्यापाराचे ‘पाराकोयी’. सुरुवातीची जवळजवळ पंचवीस वर्षे अबेओकुतात अलाके नव्हताच. पण अके नावाचा भाग होता, म्हणून 1854 मध्ये ओकुकेनूला अलाके करता आले. जमीनदोस्त झालेल्या नगराचे नाव माणसांनी सोबत वाहून आणले नसते, तर हा किताब व्याकरणाच्या दृष्टीनेच निराधार झाला असता. आणि किताब मिळाला तरी राजा निरंकुश नव्हता. ओग्बोनींना डावलून त्याला राज्य चालवता येत नसे. अशा माणसाला आपली वर्तमानपत्रे ‘टोळीप्रमुख’ म्हणतात, याचा मला मनापासून संताप येतो. 1893 च्या करारात ब्रिटिशांनी ज्यांचे स्वातंत्र्य मान्य केले आणि ज्यांचे स्वतःचे सरकार 1914 पर्यंत चालले, त्यांना टोळी म्हणू नये.

लिहिण्यापुरते सांगायचे तर ‘अलाके’ हे नाव नसून पद आहे, त्यामुळे ‘राजा अलाके’ आणि ‘अलाके राजा’ दोन्ही टाळावेत; ‘एग्बांचे अलाके’ किंवा नावासह ‘अलाके ओकुकेनू’ असे लिहावे.

योरुबात अरबी ‘अल’ अजिबात नाही, असे मात्र समजू नये. ‘अलाफिया’ म्हणजे स्वास्थ्य, शांती. ‘अलुबारिका’ म्हणजे आपली ‘बरकत’. आणि कांद्याला म्हणतात ‘अलुबोसा’, जो अरबी ‘अल-बसल’ हौसा भाषेतील ‘अल्बसा’मार्गे आला. या तिन्ही शब्दांचा आरंभ खालच्या सुरात होतो, ‘अलाके’चा मधल्या सुरात. आता या कांद्याला ‘ओनी’ जोडा. कांदेवाली होते ‘अलालुबोसा’: पुढचा ‘अला’ अस्सल योरुबा, त्याला लगटून आलेला ‘लु’ अरबी ‘अल’चा उरलेला अंश, आणि दोघांना एका श्वासात हाक मारणारे गिऱ्हाईक.