जुनी फोर्ड फोकस घ्यावी का? क्लचवाली असेल तर बघा

भाचा मिशिगनमध्ये शिकतोय, त्याला 2014 ची ऑटोमॅटिक फोकस स्वस्तात मिळतेय, घ्यावी का, असं तुम्ही विचारलंय. ऑटोमॅटिक असेल तर नको. ती स्वस्त आहे ती त्या गिअरबॉक्समुळेच.

बाकी गाडी झकास आहे. दोन लिटरचं 160 हॉर्सपॉवरचं इंजिन, आणि वळणावर मजा येईल असं स्टिअरिंग. इंजिनाचं वजन आणि ताकद दोन्ही पुढच्याच चाकांवर, त्यामुळे बर्फातही निभावून नेते. विंटर टायर मात्र चारही चाकांना हवेत. मागची सीट अडचणीची आहे, पण विद्यार्थ्याला त्याचं काय!

गोम आहे ती 2012 मॉडेलपासून बसवलेल्या 'पॉवरशिफ्ट' नावाच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये. आतून तो मॅन्युअलच आहे: एक क्लच 1-3-5 साठी, दुसरा 2-4-6 साठी, आणि पायाऐवजी ते कॉम्प्युटर चालवतो. हे क्लच कोरडे, तेलात बुडालेले नव्हेत. ट्रॅफिकमध्ये गाडी इंच इंच सरकते तेव्हा कॉम्प्युटर तिला हाफ क्लचवर खेळवत राहतो. आपल्याकडे ड्रायव्हिंग स्कूलचे मास्तर ज्यावरून ओरडतात, नेमकं तेच. भरीत भर म्हणजे शाफ्टच्या सीलमधून तेल झिरपून क्लचवर येतं. मग गाडी थरथरते, झटके देते. गिअरबॉक्सचा तो कॉम्प्युटर, म्हणजे कंट्रोल मॉड्यूल, गेलं तर चालत्या गाडीची ताकद जाते, नाहीतर ती सुरूच होत नाही. अमेरिकेत यावर क्लास अ‍ॅक्शन, म्हणजे अनेक मालकांच्या वतीने एकत्रित, दावा झाला. ऑस्ट्रेलियात या गाड्यांच्या तक्रारी नीट न हाताळल्याबद्दल 2018 मध्ये कोर्टाने फोर्डला तिथल्या 1 कोटी डॉलरचा दंड केला. फोर्डने वॉरंटी वाढवली होती, क्लचला 7 वर्षं आणि मॉड्यूलला 10. 2014 च्या गाडीची दोन्ही संपली. म्हणजे पुढचा खर्च भाच्याच्या खिशातून.

याच गाडीत 5 गिअरचा साधा मॅन्युअलही यायचा आणि त्याला यातलं काही नाही. अमेरिकेत क्लच दाबता येणारी माणसं कमी, म्हणून अशा गाडीला गिऱ्हाईकही कमी. भाचा इथे मारुतीवर शिकला असेल तर हा त्याच्या फायद्याचा भाग. तिथलं लायसन्स दोन्हीला चालतं.

मॅन्युअल घेतानाही एक तपासा. 2012 ते 2018 च्या दोन लिटरवाल्या फोकस पर्ज व्हॉल्व्हसाठी (टाकीतली पेट्रोलची वाफ इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) रिकॉल झाल्या होत्या, म्हणजे कंपनीने फुकट दुरुस्तीसाठी परत बोलावल्या होत्या. तो व्हॉल्व्ह उघडाच अडकला तर पेट्रोलची टाकी आत ओढली जाऊन चेपते आणि गाडी बंद पडू शकते. एनएचटीएसए या अमेरिकेच्या सरकारी वाहन-सुरक्षा संस्थेच्या साइटवर व्हीआयएन, म्हणजे गाडीचा ओळख क्रमांक, टाकला की रिकॉलचं काम बाकी आहे का ते कळतं, फुकटात. टायटल, म्हणजे गाडीचा मालकीचा कागद, 'सॅल्व्हेज' (मोठ्या नुकसानीमुळे विमा कंपनीने मोडीत काढलेली गाडी) असेल तर तिथूनच परत फिरा.

मॉडेल बंद झालंय म्हणून पार्टची काळजी नको. वेनच्या कारखान्यातून, म्हणजे मिशिगनमधूनच, 2018 पर्यंत या गाड्या बाहेर पडत होत्या, आणि जंकयार्डात पडलेल्याही पुष्कळ आहेत. सेडान आणि हॅचबॅक अशा दोन्ही मिळाल्या तर हॅचबॅक घ्यायला सांगा. दरवर्षी खोली बदलताना सगळा संसार त्यात मावतो.