‘बॉम्बे’ पोर्तुगीज नव्हे

प्रश्न : अंधेरीच्या जे. बी. नगरात वाढलेल्या डिव्हाइन या रॅपरने २०१३ साली आपल्या शहरावर काढलेल्या गाण्याचे नाव ‘ये मेरा बॉम्बे’ असे आहे. ‘बॉम्बे’ म्हणजे पोर्तुगीजांचा ‘बॉम बहिया’, अर्थात चांगला उपसागर. मग हे परके नाव मिरवणे योग्य आहे काय?

उत्तर : योग्यायोग्यतेचे नंतर पाहू, आधी त्या ‘बॉम बहिया’चा निकाल लावला पाहिजे, कारण सहलींच्या मार्गदर्शकांपासून प्राध्यापकांपर्यंत सर्वजण तो बिनदिक्कत सांगत असतात. पोर्तुगीज भाषेत ‘बहिया’ स्त्रीलिंगी आहे, म्हणून विशेषण ‘बोआ’ हवे. ‘बॉम’ शोभते ते जुन्या गोव्याच्या ‘बॉम जेझुस’ चर्चला, कारण जेझुस पुल्लिंगी. आपल्याच भाषेत लिंगाची अशी चूक करून पोर्तुगीजांनी बेटाचे बारसे केले, असे मानण्याइतके ते अडाणी खासच नव्हते. १८८६ च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या अँग्लो-इंडियन शब्दांच्या कोशाने ही व्युत्पत्ती झिडकारलेली असताना ती आजही उगाळणाऱ्या विद्वानांनी तो कोश निदान उघडून पाहावा.

गार्सिया द ओर्ता या वैद्याला हे बेट पोर्तुगालच्या राजाकडून कायम भाडेपट्ट्याने मिळाले होते. १५६३ साली गोव्यात छापलेल्या आपल्या ग्रंथात सुपारीची चर्चा करताना तो इथल्या सुपारीची वाखाणणी करतो आणि बेटाचे नाव लिहितो ‘मोंबाईं’. आरंभी चक्क ‘म’ आहे! म आणि ब दोन्ही ओष्ठ्य, म्हणजे ओठांनी उच्चारले जाणारे. पुढच्या ‘ब’ने मागच्या ‘म’ला आपल्याकडे ओढले, की ‘बोंबाईं’ सिद्ध होते. हिंदीतल्या ‘बंबई’त हेच घडले आहे.

राहिले शेवटचे ‘आईं’, ज्यात लोकांना उपसागर दिसतो. पोर्तुगीज वसईला ‘बासाईं’ म्हणत. तिथेही उपसागर शोधणार काय? माझा तर्क असा, की हा अनुस्वार मराठी सप्तमीचा आहे. जुन्या लेखनात ‘मुंबईंत’, ‘वसईंत’ असेच लिहीत. कुठे राहतोस या प्रश्नाला मिळालेले उत्तर परक्या कानांनी विभक्तीच्या अनुस्वारासकट उचलले असावे. याला कोणी ओढाताण म्हणेल. म्हणो बापडा, दोन्ही नावांचा उलगडा एका सूत्राने करणारी दुसरी उपपत्ती त्याने दाखवावी.

तेव्हा ‘बॉम्बे’ हे मुंबादेवीच्या ‘मुंबई’चेच पोर्तुगीज आणि इंग्रज तोंडांतून फिरून आलेले रूप आहे. गायकाने ते घेतले म्हणून परके नाव मिरवले, असे होत नाही. मराठीत लिहिता-बोलताना मात्र ‘मुंबई’च म्हणावे. उलट हरकत घ्यायचीच असेल तर भूगोलाची घ्या : ओर्ताच्या ‘मोंबाईं’त अंधेरी नव्हतीच, ती उत्तरेकडच्या साष्टी या वेगळ्या बेटावरची, आणि मुंबई महापालिकेच्या हद्दीत आली ती १९५० साली.