माफी मिळेल तेव्हा मिळेल, आधी पॉलिसी थांबवा

टेक्सासहून एका दंतवैद्य वाचकाचं पत्र आहे. पुण्यात बीडीएस, ग्रीन कार्ड मिळाल्यावर तिथे दोन वर्षांचं पुढचं शिक्षण, त्यासाठी 3,20,000 डॉलरचं फेडरल कर्ज, व्याज सरासरी 7 टक्के. सध्या एका खासगी साखळीत 1,90,000 पगार आहे. दंतवैद्यांची टंचाई असलेल्या गावातल्या नॉन-प्रॉफिट क्लिनिकात 1,50,000 मिळतील. "पण नॅशनल हेल्थ सर्व्हिस कोअर ही टंचाईच्या भागात सेवा करणाऱ्यांसाठीची सरकारी योजना दोन वर्षांत 75 हजारांचं कर्ज फेडते म्हणतात. जावं का?" आणि जाता जाता एक ओळ: हप्ते सध्या थांबलेत, म्हणून 14 महिने दरमहा 1,500 डॉलर आययूएल पॉलिसीत (शेअर निर्देशांकाला जोडलेल्या आजीवन विम्यात) टाकतेय.

प्रश्न आधी उरकतो. 75 हजार हा आकडा प्राथमिक उपचार करणाऱ्या डॉक्टरांसाठी आहे. दंतवैद्याला दोन वर्षं पूर्णवेळ सेवा करून जास्तीत जास्त 50 हजार मिळतात. तुम्हाला तेही नाहीत, कारण तिथे अमेरिकेचं नागरिकत्व लागतं, ग्रीन कार्ड चालत नाही. उद्या नागरिक झालात तरी करार मध्येच सोडायचा विचार करू नका. न केलेल्या सेवेचे घेतलेले पैसे परत, वर उरलेल्या प्रत्येक महिन्याला 7,500 डॉलर आणि व्याज. एकूण वसुली किमान 31,000.

आता ती शेवटची ओळ. हप्ते थांबलेत, व्याज थांबलेलं नाही. सेव्ह या उत्पन्नावर आधारित फेड-योजनेत अडकलेल्या कर्जांवर 1 ऑगस्ट 2025 पासून ते पुन्हा चढू लागलं. तुमच्या कर्जावर महिन्याला जवळपास 1,870 डॉलर होतात. एका खिशात 7 टक्क्यांची गळती, आणि दुसऱ्या खिशातून 1,500 अशा पॉलिसीत, जिच्या कोष्टकात एजंटने सरळ 7 टक्के वाढ छापून दिली आहे! त्या वाढीला वरून मर्यादा असते, विम्याचा खर्च वयाबरोबर वाढतो, सुरुवातीच्या वर्षांत पॉलिसी मोडली तर सरेंडर चार्ज नावाची कपात बसते. तुमचे 21,000 गेले, आणि पत्रात लिहिल्याप्रमाणे आज मोडलीत तर 6,000 हाती येतील.

"तुम्हाला काही झालं तर कर्ज घरच्यांवर येईल" असं एजंट म्हणाला. खोटं आहे. फेडरल कर्ज कर्जदाराच्या मृत्यूनंतर रद्द होतं. मुलीसाठी विमा हवाच, तर 20 वर्षांचा साधा टर्म, म्हणजे ठरावीक मुदतीचा निव्वळ विमा घ्या. प्रकृती ठणठणीत असेल तर 10 लाख डॉलरला महिना 50 च्या आसपास पडेल. टर्म हातात येईपर्यंत जुनी मोडू नका. तोवर कंपनीकडून सरेंडर व्हॅल्यू, म्हणजे मोडल्यावर हाती येणारी रक्कम, लेखी मागवा. गेलेले 15,000 वसूल करायला आणखी दहा वर्षं हप्ते भरणं हा कुठला हिशोब?

क्लिनिकचा खरा आधार दुसराच आहे: पब्लिक सर्व्हिस लोन फर्गिव्हनेस, म्हणजे सार्वजनिक सेवेतल्यांची कर्जमाफी. या योजनेला नागरिकत्व लागत नाही. आठवड्याला 30 तास, सरकारी किंवा 501(सी)(3) (करमुक्त नॉन-प्रॉफिट) मालक, उत्पन्नावर आधारित 120 हप्ते. उरलेलं फेडरल करमुक्त माफ. नवऱ्यापासून वेगळं रिटर्न भरलंत तर आयबीआर या उत्पन्नावर आधारित योजनेत हप्ता महिना 1,000 च्या आसपास बसेल, दहा वर्षांत वाढत जाऊन एकूण 1,40,000. पगारातली तूट कर वजा जाता वर्षाला 28,000, म्हणजे 2,80,000. एकूण 4,20,000. आहात तिथेच राहून दहा वर्षांत फेडलंत तर 4,45,000. फरक 25 हजारांचा, तोही दहा वर्षं टिकलात तर. हप्ता व्याजाहून कमी, म्हणून चौथ्या वर्षी सोडलंत तर कर्ज 3,60,000 झालेलं असेल.

दोन्ही माफ्यांची बेरीजही करू नका. सर्व्हिस कोअरचे पैसे त्याच कर्जात जातात, जे शेवटी माफच व्हायचं असतं. तुमचे हप्ते जेवढे भागतील तेवढाच फायदा.

त्यामुळे गावात राहायचं मनापासून असेल तर जा, पैशासाठी नको. जाणार असाल तर खासगी रिफायनान्सच्या (जुनं कर्ज फेडून खासगी बँकेचं नवं घेण्याच्या) कागदावर सही करू नका, माफीचा हक्क कायमचा जातो. सध्याच्या नोकरीतच राहणार असाल तर मात्र 5.5 टक्क्यांचं रिफायनान्स जरूर तपासा. दहा वर्षांचा मासिक हप्ता 3,700 वरून 3,475 वर येईल. फक्त मृत्यूनंतर कर्ज रद्द होण्याची अट त्या करारात आहे का, ते आधी वाचा.

ऑफर स्वीकारण्याआधी क्लिनिकला विचारा, डब्ल्यू-2 वर (पगाराच्या वार्षिक कर-दाखल्यावर) कुणाचा ईआयएन, म्हणजे मालकाचा कर-क्रमांक, येणार. तो नंबर स्टुडंटएड या सरकारी संकेतस्थळाच्या मालक-शोधात टाका. पगार मधल्या खासगी कंपनीकडून येणार असेल तर ते महिने बहुधा मोजलेच जाणार नाहीत.